एकवीस विरुद्ध पंधरा : बिवोल–बेतेरबिएव रीमॅचच्या अंदाजाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

मॅडमनी विषय मंजूर केला. एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प: २२ फेब्रुवारीला रियाधमध्ये होणाऱ्या आर्तुर बेतेरबिएव विरुद्ध दिमित्री बिवोल या रीमॅचच्या निकालाचा अंदाज. लाइट हेवीवेट, १७५ पौंडांचा गट, चार बॉक्सिंग संघटनांचे विजेतेपदाचे चारही पट्टे पणाला.

त्यांचा आक्षेप रास्त होता. एकाच लढतीवर मॉडेल तपासता येत नाही. सत्तर टक्के म्हटलं आणि घडलं नाही, तर मॉडेल चुकलं की तीस टक्क्यांची बाजू आली, हे एका निकालावरून कळणार कसं? मी म्हटलं, मला मॉडेल सिद्ध करायचं नाही. अंदाज बांधताना आपण कुठे कुठे घसरतो, ते तारखेनिशी लिहून ठेवायचं आहे. त्यांनी एकच अट घातली. अंतिम आकडे लढतीआधी कागदावर लिहून, पाकिटात बंद करून त्यांच्याकडे द्यायचे. नंतर एका आकड्यालाही हात लावायचा नाही.

पहिल्या लढतीची माहिती टिपून ठेवते. १२ ऑक्टोबर २०२४, रियाध. तीन जजची कार्डं ११४–११४, ११५–११३, ११६–११२. बेतेरबिएव बहुमतानं विजयी, म्हणजे दोन जज त्याच्या बाजूनं, एक बरोबरीत. त्याआधी तो २० लढती खेळला होता आणि वीसही नॉकआउटनं जिंकला होता. त्याला पूर्ण बारा राऊंड खेळायला लावणारा बिवोल पहिला. बिवोलची ही पहिलीच हार.

१० जानेवारी, शुक्रवार

कार्डं राऊंडमध्ये मोडून पाहिली. राऊंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९ गुण मिळतात. प्रत्येक कार्डाची बेरीज २२८ येते, म्हणजे सगळे राऊंड १०–९ असेच दिले गेले. कुणी खाली पडलं नाही, गुण कापले गेले नाहीत. म्हणजे ६–६, ७–५ आणि ८–४. तिन्ही कार्डं मिळून ३६ राऊंड-गुण होतात: बेतेरबिएवला २१, बिवोलला १५.

एकवीस-पंधरा वाचताना फरक ठसठशीत वाटतो. पण ११५–११३ देणाऱ्या जजनं एकच राऊंड उलटा दिला असता, तर त्याचंही कार्ड ११४–११४ झालं असतं. दोन कार्डं बरोबरीची म्हणजे लढत बरोबरीत. डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओचे पट्टे बेतेरबिएवकडेच राहिले असते आणि डब्ल्यूबीएचा बिवोलकडे. एका माणसाच्या मनातल्या तीन मिनिटांवर निर्विवाद विजेतेपद, म्हणजे चारही पट्टे, ठरलं. हे कळल्यापासून माझा प्रश्नच बदललाय. 'चांगला बॉक्सर कोण' यापेक्षा 'निसटते राऊंड कुणाकडे झुकतील' हे शोधायला हवं.

१९ जानेवारी, रविवार

मोठ्या रीमॅचची यादी केली. पहिल्या लढतीत स्पष्ट विजेता होता, अशाच जोड्या घेतल्या, बरोबरीच्या सोडल्या. वीस जोड्या झाल्या.

पहिल्याच विजेत्यानं पुन्हा जिंकलेल्या आठ: टनी–डेम्प्सी, अली–लिस्टन, होलिफील्ड–टायसन, वॉर्ड–कोवालेव, उसिक–जोशुआ, हेनी–कंबोसोस, केटी टेलर–सेरानो, उसिक–फ्युरी. निकाल उलटलेल्या बारा: श्मेलिंग–लुई, योहान्सन–पॅटरसन, फ्रेझर–अली, नॉर्टन–अली, स्पिंक्स–अली, दुरान–लेनर्ड, बो–होलिफील्ड, रहमान–लुईस, आल्वारेझ–कोवालेव, रुईझ–जोशुआ, कॅमेरॉन–केटी टेलर, जोश टेलर–कॅटरॉल.

वीसपैकी बारा, म्हणजे साठ टक्के वेळा पहिला हरलेला जिंकतो! आनंदानं कागद घेऊन मामाकडे नागपुरातल्या मानकापूरला गेले. मामा पहाटे पोरांना बॉक्सिंग शिकवतो, पंचवीस वर्षं झाली. अंगणात संत्री सोलत बसला होता. त्यानं यादी वाचली आणि विचारलं, "ह्या बाऊट तुले भेटल्या कुठी?"

"आठवतील तशा लिहिल्या."

"मंग ज्या आठवल्या नाहीत त्या कुठी गेल्या?"

मी गप्प. लुईनं १९३८ मध्ये श्मेलिंगला पहिल्याच राऊंडमध्ये झोपवलं ते सगळ्यांना माहीत आहे, कारण १९३६ मध्ये तो हरला होता. लेनर्ड–दुरान १९८० माहीत आहे, कारण पाच महिन्यांत पारडं फिरलं. ज्यानं आधी हरवलं त्यानंच पुन्हा शांतपणे हरवलं, अशा लढतींची गोष्ट होत नाही, आणि गोष्ट झाली नाही की ती लक्षातही राहत नाही. माझी यादी रीमॅचची नव्हती, आठवणींची होती. साठ टक्के हा आकडा रद्द. तरी खोडलेला नाही, वहीत लाल शाईनं ठेवलाय.

घरी येऊन उलटलेल्या बारा पुन्हा पाहिल्या. श्मेलिंग, स्पिंक्स, रहमान, रुईझ या चौघांचा पहिला विजयच धक्कादायक होता. दुसऱ्या वेळी वरचढ खेळाडू आपल्या जागी परत आला, एवढंच. त्यात रीमॅचची काही जादू नाही. टोकाच्या निकालानंतर पुढचा निकाल सरासरीकडे सरकतो, हे पहिल्या वर्षाला शिकलोय. रुईझच्या बाबतीत तर वजनही होतं. जून २०१९ मध्ये २६८ पौंड, डिसेंबरात २८३ च्या वर. बिवोल–बेतेरबिएवची जात ही नव्हे. तिथे धक्का बसलाच नव्हता.

मग पहिला निकाल विभागून (दोन जज एकीकडे, एक दुसरीकडे) किंवा बहुमतानं लागलेल्या जोड्याच ठेवल्या. उरल्या सहा: नॉर्टन–अली, स्पिंक्स–अली, जोश टेलर–कॅटरॉल, केटी टेलर–सेरानो, कॅमेरॉन–केटी टेलर आणि उसिक–फ्युरी. चार उलटल्या, दोन तशाच राहिल्या. सहावरून टक्केवारी काढणार नाही. मनाशी इतकंच धरते की निसटता विजय दुसऱ्या लढतीसाठी फारशी शिदोरी देत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

बेतेरबिएव आज चाळीस वर्षांचा झाला. बिवोल गेल्या महिन्यात चौतीसचा. दोन लढतींत १३३ दिवसांचं अंतर. बेतेरबिएवच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे मूळची जून २०२४ ची लढत पुढे ढकलावी लागली होती, हेही नोंदवते. वयाला मॉडेलमध्ये किती वजन द्यायचं, हे अजून ठरत नाही. चाळिशीतला माणूस सरासरीनं मंदावतो हे खरं, पण सरासरी माणूस वीसच्या वीस नॉकआउट करत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद लांब होणार. प्रकल्पातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम आज झालं.

मामाच्या हॉलमध्ये पहिली लढत पूर्ण दाखवली. नऊ पोरंपोरी, प्रत्येकाच्या हातात कोरं कार्ड. एकमेकांचं बघायचं नाही, राऊंड संपला की लगेच आकडा लिहून कागद पालथा घालायचा. निकाल सगळ्यांना माहीत होता. त्याला इलाज नव्हता. ही पोरं हौशी बॉक्सिंग खेळतात: तीन राऊंड, पाच जज. बारा राऊंड सलग पाहून गुण देणं त्यांनाही नवं होतं. त्यातल्या एकीच्या बॅगेवर अल्फिया पठाणचं कात्रण चिकटवलेलं आहे. २०२१ ला पोलंडमध्ये युवा जगज्जेती झालेली नागपूरची मुलगी. त्या पोरीनं प्रत्येक राऊंडनंतर कार्डाच्या मागे दोन शब्दांत कारणही लिहिलं. मी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी सगळ्यांना तेच करायला सांगणार आहे.

नऊ जण मिळून बारा राऊंड. पाच राऊंडवर जवळपास एकमत. उरलेल्या सात राऊंडमध्ये पाच-चार, सहा-तीन अशी फाटाफूट. सुरुवातीचे राऊंड बहुतेकांनी बिवोलला दिले, शेवटचे बेतेरबिएवला. भांडण मधल्यांवर झालं, आणि चांगलंच झालं.

भांडणाचं मूळ आकड्यांत दिसतं. लढतीतले ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या आकड्यांनुसार बेतेरबिएवनं ६८२ ठोसे मारले, १३७ लागले. बिवोलनं ४२३ मारले, १४२ लागले. म्हणजे एकाचे शंभरात वीस लागले, दुसऱ्याचे शंभरात चौतीस. पण लागलेल्या ठोशांतला फरक ३६ मिनिटांत अवघा पाच. गुण देताना जजनी चार गोष्टी पाहायच्या असतात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. बिवोलच्या गार्डवर (बचावासाठी वर धरलेल्या हातांवर) आपटलेला बेतेरबिएवचा ठोसा लागलेल्यांत मोजला जात नाही. पण तो आपटतो तेव्हा बिवोल अर्धं पाऊल मागे सरतो, हॉलमध्ये आवाज घुमतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात त्याची नोंद होते. ती नोंद कार्डावर उतरावी की नाही, यावर नऊ जणांचे दोन तट पडले.

मामा शेवटपर्यंत बोलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तू त्याचे हात मोजून राहिली. पाय पाह्य. आठव्यानंतर बिवोलचे पाय सरळ मागं जाऊन राहिले. आधी बाजूनं जात होता. दोरीपाशी गेला का मार गार्डवर बसतो, अन् जजले वाटते लागला."

"मग रीमॅचमध्ये?"

"पाय सुधारले तर बिवोल. चार महिने लय होतात त्याले."

६ फेब्रुवारी, गुरुवार

जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर भारत–इंग्लंड सामना. वर्धा रोडवर जाता येईना, विद्यापीठाकडे निघालेली मी अर्ध्या वाटेतून परत. घरीच कार्डं संगणकात भरली.

९ फेब्रुवारी, रविवार

तीच लढत, तीच पोरं (आठ आली), पण आज आवाज बंद. समालोचन नाही, प्रेक्षकांचा गलका नाही, ठोशाचा धप्प आवाजही नाही. कारणं लिहायला सांगितली होती.

आठपैकी सहा जणांच्या कार्डांवर बिवोलचे राऊंड वाढले. कुणाचा एक, कुणाचे दोन. बेतेरबिएवकडे कुणाचंच कार्ड सरकलं नाही. मागच्या वेळी 'जास्त मारलं' असं कारण देणाऱ्या पोरानं आज त्याच राऊंडसमोर 'गार्डवर' असं लिहिलं. दुसऱ्यांदा पाहिल्याचाही परिणाम असेल, तो वेगळा काढता येत नाही. निम्म्यांना आधी आवाजाशिवाय दाखवायला हवं होतं. रचनेतली ही चूक माझीच, अहवालात तशीच लिहीन.

खरे जज रिंगच्या कडेला, धप्प आवाजाच्या दोन हातांवर बसतात. म्हणजे जो आवाज काढतो, त्याचं पारडं तिथे आणखी जड होत असणार. डिसेंबरात उसिक–फ्युरी रीमॅचमध्ये तीन जजखेरीज एका संगणकीय जजनंही प्रयोग म्हणून गुण दिले होते, निकालात न धरता. माणसांनी तिघांनीही ११६–११२ दिलं, यंत्रानं ११८–११२. बेरीज २३० होते, म्हणजे यंत्रानं दोन राऊंड १०–१० सोडले. माणूस जज सहसा ते करत नाही. कुणीतरी जिंकलंच पाहिजे, असं त्याच्यावर दडपण असतं आणि निसटत्या राऊंडमध्येही तो पूर्ण एक गुण देऊन टाकतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मॉडेल उभं राहिलं. थोडक्यात असं:

प्रत्येक राऊंडचा एक खरा कल धरला, जो तिन्ही जजना समान दिसतो. त्यावर प्रत्येक जजचा स्वतःचा गोंधळ. तिघांना स्वतंत्र मानलं तर ३६ राऊंड-गुण म्हणजे ३६ निरीक्षणं होतात, पण ते सगळे तेच बारा राऊंड पाहत असतात. म्हणून निम्मंच वजन दिलं. सुरुवातीला दोघांना समसमान दहा-दहा गुण धरले आणि त्यात २१ व १५ चे निम्मे मिळवले: २०.५ भागिले ३८, म्हणजे ०.५३९. बेतेरबिएवनं एखादा राऊंड जिंकण्याची शक्यता साधारण ५४ टक्के.

आणि या ५४ टक्क्यांनी फार काही होत नाही, हे हातानं गणित केल्यावर उमगलं. राऊंडमागे ५५ टक्के शक्यता असलेला बॉक्सर बारा राऊंडनंतर एका जजच्या कार्डावर ५३ टक्के वेळा पुढे असतो, २१ टक्के वेळा बरोबरीत आणि २६ टक्के वेळा मागे. कार्डागणिक चौथा हिस्सा वेळ चांगला माणूस हरतो, आणि त्यात कुणाचा अन्याय नाही.

उसिक–फ्युरीची पहिली लढत याच नजरेनं पाहिली. कार्डं ११५–११२, ११४–११३ उसिकला, ११४–११३ फ्युरीला. नवव्या राऊंडमध्ये रेफरीनं फ्युरीला काउंट (पडल्याचं धरून केलेली मोजणी, तिनं एक गुण जातो) दिला नसता, तर त्याचा प्रत्येक कार्डावर एक गुण वाढला असता: ११५–११३, ११४–११४, आणि तिसऱ्यावर ११५–११३ फ्युरीला. लढत बरोबरीत. हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दहा हजार लढती संगणकावर खेळवल्या. नॉकआउटची शक्यता बेतेरबिएवकडे थोडी जास्त धरली. निकाल टक्क्यांत: बेतेरबिएव ४८, बिवोल ४३, बरोबरी ९.

मग तासभर एक काम केलं ते लिहिते, कारण न लिहिणं खोटेपणा होईल. वयाचं वजन वाढवलं: बिवोल ४७. आवाज बंद करून दिलेली कार्डं मिसळली: बिवोल ५१. मामाचा 'पाय सुधारतील' हा तर्क आकड्यात बसवून पाहिला: ५५. प्रत्येक बदलासाठी माझ्याकडे कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण ऐकायला बरं होतं. पण तिन्ही बदल एकाच दिशेला गेले, कारण बिवोल जिंकावा असं मला आतून वाटत होतं. मला त्याचा बचाव आवडतो. मार न खाता लढणारा माणूस मला मोठा वाटतो. म्हणून दुपारपूर्वीचे आकडे कायम ठेवले. मामाचा अंदाज स्वतंत्र नोंदवायचा; त्याला टक्के विचारले तर म्हणाला, "सत्तर बिवोल, पंचवीस तो, पाच बराबर."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाकीट मॅडमकडे दिलं. आत दोन ओळी, माझी आणि मामाची.

जामठ्यात विदर्भानं रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं. गेल्या मार्चमध्ये वानखेडेवर अंतिम सामन्यात याच मुंबईनं आपल्याला १६९ धावांनी हरवलं होतं. विभागात पेढे वाटले गेले. एक मैत्रीण म्हणाली, बघ, रीमॅच उलटतोच, घाल तुझ्या यादीत. घालणार नाही. अकरा माणसं, वेगळी खेळपट्टी, वेगळं घर, पाच दिवस; बॉक्सिंगमध्ये तीच दोन शरीरं पुन्हा समोरासमोर येतात. पेढे मात्र दोन खाल्ले.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहाटे साडेतीनला मामाकडे पोचले. हॉलमध्ये सतरंजीवर सगळी पोरं, मधोमध एक लॅपटॉप, थंडी अजून आहे म्हणून अर्ध्यांच्या अंगावर ट्रॅकसूटवर चादरी. सगळ्यांच्या हातात कार्डं.

पहिल्या अर्ध्यात बेतेरबिएव पुढेच येत होता. पाचव्या-सहाव्या राऊंडपर्यंत माझ्या कार्डावर तो स्पष्ट पुढे. मग बिवोल सावरला. मामानं माझ्या खांद्याला हात लावला आणि पडद्यावर बिवोलच्या बुटांकडे बोट दाखवलं. तो बाजूनं निघत होता, तिरपा, आणि निघता निघता दोन-तीन ठोसे एकत्र ठेवून जात होता. मागच्या वेळी जे राऊंड निसटले होते, त्याच शेवटच्या टप्प्यात या वेळी त्याचे हात चालत होते. बाराव्या राऊंडला हॉलमध्ये कुणी बसलेलं नव्हतं.

कार्डं वाचली गेली. ११४–११४. ११५–११३. ११६–११२. बिवोल बहुमतानं विजयी.

तेच तीन आकडे, बाजू उलटी. पोरं ओरडत होती आणि मी वहीत आकडे पुन्हा पुन्हा लिहीत होते, ऐकण्यात चूक झाली म्हणून.

नंतर सगळे कस्तुरचंद पार्कला तर्री-पोहे खायला गेलो. तिथे सगळीकडे दुपारच्या भारत–पाकिस्तान सामन्याच्या गप्पा चालल्या होत्या. आमच्या टेबलावर आठवा राऊंड कुणाचा, यावर वाद संपेना. पोरांच्या अकरा कार्डांपैकी सात बिवोल, तीन बेतेरबिएव, एक बरोबरी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमसमोर पाकीट उघडलं. ब्रायर गुण काढले, म्हणजे प्रत्येक शक्यतेसाठी अंदाज आणि घडलेलं यांतल्या फरकाचा वर्ग घेऊन केलेली बेरीज. यात आकडा जितका कमी तितका अंदाज चांगला. तिन्ही शक्यता समान धरणाऱ्या, काहीच माहिती नसलेल्या माणसाला ०.६६७ मिळाले असते. माझ्या मॉडेलला ०.५६३. मामाला ०.१५५.

मॅडमनी विचारलं, १८ तारखेला बदल ठेवले असते तर? नक्कीच गुण सुधारले असते. तरी ते आकडे अहवालात अंदाज म्हणून जाणार नाहीत, फक्त या नोंदीत राहतील. मामाचं निरीक्षण मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यानं लढतीआधी तीन आठवडे, कारणासकट, तपासता येईल असं काही सांगितलं होतं: पाय बाजूनं निघतील. माझ्या मॉडेलमध्ये पाय कुठेच नव्हते. दोरीपाशी घालवलेला वेळ आणि मागे सरण्याची दिशा व्हिडिओवरून राऊंडनिहाय मोजायची, असं ठरलं. दोन लढती, चोवीस राऊंड. अल्फियाचं कात्रण लावणारी पोरगी मोजणीला यायला तयार आहे.

जाता जाता दहा हजार लढतींच्या फायलीत शोधलं: ११४–११४, ११५–११३, ११६–११२ बिवोलच्या बाजूनं, कुठल्याही क्रमानं, किती वेळा आलं? साधारण तीनशे वेळा.

मग दोन्ही रात्रींचे राऊंड-गुण एकत्र मांडले. आधी बेतेरबिएव २१, बिवोल १५. आता बिवोल २१, बेतेरबिएव १५. दोन लढती, सहा कार्डं, ७२ राऊंड-गुण: छत्तीस, छत्तीस. तिसरी लढत झाली तर तिची नवी फाईल ०.५००० पासून सुरू होईल. पायांचा रकाना त्यात पहिला.